चढावरचा ब्रेक

पांढुर्ण्याच्या भाऊरावांचं आणि प्रमिलाबाईंचं आपसातलं बोलणं गेल्या काही वर्षांत 'वाढू काय?' आणि 'हो' एवढ्यावर आलं होतं. भांडण असं काही झालं नव्हतं. जुन्या गाडीचा हँडब्रेक मात्र जाम झालेला, त्यात भाऊरावांचा डावा खांदा आखडलेला. म्हणून चढावर गाडी थांबली की शेजारी बसलेल्या प्रमिलाबाई न सांगता त्यांच्या हातावर आपला हात ठेवत आणि दोघं मिळून दांडा ओढत.

मुलगा कुणाल पुण्याहून आला आणि त्यानं जुनी गाडी विकून नवी घेऊन दिली. "बाबा, आता आईले त्रास नाही," तो बटन दाखवत म्हणाला. "एका बोटानं वर ओढलं का ब्रेक लागते, दाबलं का सुटते."

तो परत गेल्यावर दोघं लोधीखेड्याला भाऊरावांच्या बहिणीकडे निघाले. तिच्या दारापुढच्या चढावर भाऊरावांनी गाडी थांबवली आणि बटन ओढलं. ब्रेक लागल्याचा लाल दिवा पेटला. प्रमिलाबाईंचा हात सवयीनं पुढे आला, दांडा नव्हता तिथे जरा थांबला आणि परत मांडीवर गेला.

भाऊरावांनी पाय ब्रेकवरच ठेवला आणि बटन दाबून दिवा विझवला.



"माह्या एकट्याच्यानं लागून नाही राहिला हा," ते समोर पाहत म्हणाले. "हात लाव बरं."