पोंग्यातलं पाणी

सकाळी सातव्या ऑर्किडचं मधलं पान पौर्णिमाने नुसतं धरलं, तर ते हातातच सुटून आलं. बुडाशी काळं, पाणचट. मंगरूळपीरच्या त्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली, आता बारापैकी पाचच कुंड्या धड उरल्या होत्या.

नागपूरच्या एका रोपवाटिकेच्या मालकाने तिला सांगितलं होतं, ही बारा झाडं फुलावर आणून दाखवा, ऑर्किडचा विभाग तुमच्या हाती देतो. शेतकीची पदवी घेऊन सहा वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला आणखी काय हवं? तिने डोळ्यांत तेल घालून झाडं राखली. कात्री ज्योतीवर धरून सडकी मुळं कापली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, बुरशीनाशक फवारलं, वारा खेळावा म्हणून कुंड्या हातभर अंतराने मांडल्या. पाणी द्यायचं ते सकाळीच, आणि फक्त मुळांना. पोंग्यात, म्हणजे पानांच्या मधल्या खोबणीत, रात्रभर पाणी राहिलं की बुरशीला आवतणच. नवऱ्याला, संघदीपला, हे सगळं तिने हौसेने शिकवलं होतं. तोही मन लावून ऐकायचा.

इतके दिवस ती दवाला दोष देत होती. आज पाऊस नाही, दव नाही, तरी पाचही पोंगे पाण्याने भरलेले. ती तणतणत खाली आली.

"आई, झाडायले पाणी तुमी टाकून राह्यल्या काय?"

वच्छलाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सासूचे गुडघे जिना पाहूनच रुसतात, हे पौर्णिमा रागाच्या भरात विसरली होती.

"मी कायले वर जाऊ, माय? संघदीप जाते ना रोज संध्याकाळी, तांब्या घेऊन. म्हणे, पौर्णिमानंच सांगतलं."

पौर्णिमाने तर त्याला नेमकं उलट सांगितलं होतं. सहा वर्षांत तो तिला उलट शब्द बोलला नव्हता. नागपूरचं कळलं तेव्हा गल्लीभर पेढेही त्यानेच वाटले होते. त्या पेढ्यांची आता तिला शिसारी आली.

संध्याकाळी तो वर आला, तेव्हा ती कुंड्यांपाशी बसली होती. तो तांब्यासकट दारातच थबकला.

"काहून?" तिने एवढंच विचारलं.

त्याने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "झाडं जगले असते, तं तू नागपूरले गेली असती."

पौर्णिमाने उरल्यातली एक कुंडी उचलली, तिरपी करून पोंग्यातलं पाणी सांडलं आणि उठली.

"गेली असती," ती म्हणाली. "पण वापस आली असती."