गोल गॅलऱ्यांची बिल्डिंग

गेवराईच्या वेशीबाहेर निजामाच्या काळात बांधलेली ती गोल गॅलऱ्यांची तीनमजली बिल्डिंग पाडून मालक अमरसिंहदादांना तिथं कॉम्प्लेक्स उठवायचं होतं. पण नवी नवरी होऊन आल्यापासून तिथंच भाड्यानं राहणाऱ्या सुभद्राबाईंनी सरकारी कचेऱ्यांमध्ये चपला झिजवून तिला वारसा इमारतीचा दर्जा मिळवून दिलाच. पाहणीला आलेले साहेब तर मान अवघडेस्तोवर गॅलऱ्यांकडे बघत राहिले.

"दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली अशी दर्शनी बाजू अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "हिच्यावर आता एक खिळासुद्धा ठोकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली तरी घरात उजेड येईना. आभाळ भरून आलं असेल म्हणून सुभद्राबाईंनी गॅलरीचं दार उघडलं, तर समोर रस्ताच दिसेना. लगालगा खाली उतरून बघतात तो गच्चीपासून पार तळमजल्यापर्यंत एकच फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले अमरसिंहदादा आणि खाली मजकूर: 'आपल्या बिल्डिंगला वारसा दर्जा मिळवून दिल्याबद्दल दादांचे हार्दिक अभिनंदन.' बिल्डिंग पुरती झाकून गेलेली.

"काय रे पंडित," त्यांनी शिडीवर चढलेल्या दादांच्या कार्यकर्त्याला विचारलं, "साहेब काय सांगून गेलते, ध्यानात हाय का?"

"हाय की, काकू," पंडित शेवटची गाठ आवळत म्हणाला. "येक बी खिळा ठोकला न्हाई. समदं सुतळीनं बांधलंय."