निर्माल्याची पावती

दारातल्या वजनकाट्याने पिशवी तिसऱ्यांदा नाकारली. या घराला वर्षभरासाठी ठरवून दिलेले कचऱ्याचे वजन ऑगस्टमध्येच संपले होते. पिशवीत वत्सलाबाईंच्या पतीच्या डायलिसिसच्या वापरलेल्या नळ्या होत्या; त्या जमा केल्याशिवाय दवाखान्यातून नव्या मिळत नसत, आणि उद्या त्यांना नव्या लागणार होत्या.

शहराच्या तीस वर्षांच्या कचरा-आराखड्यात वजनाची सूट फक्त निर्माल्याला होती. वत्सलाबाईंनी नळ्या देवापुढे ठेवल्या, हळदकुंकू वाहिले, वर झेंडू पसरला आणि पिशवी चौकातल्या निर्माल्यकलशात सोडली. कलशाने ती मुकाट्याने घेतली आणि पावतीची चिठ्ठी बाहेर टाकली.

"वहिनी, देवाला नळ्या कधीपासून वाहायला लागलात?" मागे उभ्या असलेल्या सफाई-मुकादम गायकरांनी विचारले.

"वाहिलं की ते निर्माल्य. नियम तुमचाच आहे, भाऊ."

"नियमाचं जाऊ द्या. पावती कसली आली?"

वत्सलाबाईंनी चिठ्ठी उलगडली. "निर्माल्याची."

"मग जुन्या नळ्या जमा झाल्याची नोंदच नाही. दवाखाना नव्या कशावर देणार?"

पिशवी परत काढायला वत्सलाबाईंनी खांद्यापर्यंत हात कलशात घातला. गायकरांनी त्यांना जोराने मागे ओढले, कारण आतली, निर्माल्याचा चुरा करणारी पाती फिरू लागली होती.