धावपट्टीखालची वाळू

रूपाली मातीपरीक्षणाचा अहवाल घेऊन गौलीगुड्यात हिम्मतरावांच्या घरी आली. हे शास्त्र ती त्यांच्याकडेच शिकली होती. किनाऱ्यावरच्या एका विमानतळाची जमीन भूकंपातही टिकेल, असं वीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहून दिलं होतं. आता तिला तिथल्या धावपट्टीखाली सहा मीटरवर ओली, भुसभुशीत वाळू सापडली होती. मोठा धक्का बसला तर ती चिखलासारखी होऊन धावपट्टी खचणार होती. हिम्मतरावांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. “माझ्या अहवालाला ‘अपुरा’ का म्हटलंस?” “सर, तेव्हा एवढी साधनं नव्हती.” “होती, बेटा. जल्दीच्या नादात दोन ठिकाणचं खोल खोदकाम मीच सोडून दिलं.” त्यांनी पेन मागितलं, ‘अपुरा’ खोडून ‘चुकीचा’ लिहिलं आणि खाली सही केली. रूपालीला मान वर करवेना. “धावपट्टी बंद कधी करतील?” त्यांनी विचारलं. “सोमवारी.” “फोन लाव. आजच करायला सांगतो.”