निळी नोट

"आलं का पुन्हा तुझं बेट? माझा डोळा बांधलेला असतानाच बरं सुचतं त्या टपालवाल्याला!"

ताई पलंगावरून पुटपुटली. पुटपुटली म्हणजे शेजारच्या तीन घरांत ऐकू गेलं असेल, इतकंच. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते आणि डावा आधीपासून अधू. एरवी तिने जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याकडून आलेलं ते पाकीट दारातच हिसकावून घेतलं असतं.

चार वर्षांपूर्वी असंच एक पाकीट टपालात गहाळ झालं होतं. तेव्हापासून पाकिटं तीच घ्यायची आणि तीच फोडायची. धाकट्या भावाचे हात म्हणे थरथरतात. त्याच हातांनी त्याने उभा जन्म घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. पण ताईशी वाद कोण घालणार? सत्तरी उलटली तरी तो या घरात धाकटाच होता. घरात आता माणसं दोनच, आणि भिंतीवर गिऱ्हाइकांनी परत न नेलेली सात घड्याळं. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

"फोड आता तूच. फाडू नकोस म्हणजे मिळवली."

त्याने चिमट्याने नोट बाहेर काढली आणि डोळ्याला भिंग लावलं.

लवंग-जायफळाच्या व्यापारावर जगणारं ते एक इवलंसं बेट. गोऱ्यांच्या अमलात तिथल्या पेढीने स्वतःच्या नोटा काढल्या. एका कोपऱ्यात परक्या राजाचं डोकं, मधोमध पोती वाहणारं गलबत, खाली छापलेलं साल. आणि सालाशेजारी प्रत्येक नोटेवर पेढीच्या कारकुनाने हाताने, शाईने केलेली सही. काही वर्षं तो कारकून म्हणजे त्यांचे बाबा.

बाबा बेटावर गेले तेव्हा ताई सहा वर्षांची होती आणि धाकटा पाळण्यात. अडतीस साली ते तिथेच तापाने गेले. तशी तार आली होती, असं आई सांगायची. तार कुणी पाहिली नाही. कुणी मागितलीही नाही. फोटो नाही, पत्र नाही. धाकट्याजवळ बाप होता तो एवढाच: वहीच्या अकरा कप्प्यांत अकरा हिरव्या नोटा, अकरा सह्या. लहानपणी इतर मुलं बापाचं बोट धरून चालायची, तसा मोठेपणी तो त्या सह्यांवरून भिंग फिरवायचा. बारावा कप्पा चाळीस वर्षं रिकामा होता; नंतर आलेल्या नोटांवर सही दुसऱ्याच कारकुनांची निघायची.

सही बाबांचीच होती. शेवटच्या अक्षराचं शेपूट गळासारखं मागे वळलेलं. त्याचा जीव सुपाएवढा झाला. मग भिंग डावीकडे सरकलं.

साल चव्वेचाळीस.

त्याने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मेलेला माणूस सहा वर्षांनी सही करत नाही. शाई तर अशी ठसठशीत, की जेवून उठून, पोट भरल्यावर केलेली वाटावी.

"मुका झालास का? सही कुणाची?"

"बाबांची."

"आणि साल? वाच की मोठ्याने, नेहमीसारखं."

त्याने पलंगाकडे पाहिलं. ताईला बाबा आठवत होते. त्यांच्या खांद्यावर बसून तिने बंदर पाहिलं होतं. वर्षातून एकदा तरी ती ते सांगायचीच, आणि सांगताना सहा वर्षांची व्हायची. एवढी एक गोष्ट तिच्याकडून काढून घ्यायची?

त्याने घसा खाकरला. "छत्तीस."

जन्मात पहिल्यांदा तो ताईशी खोटं बोलला, आणि जमलंही, असं त्याला वाटलं.

"रंग कोणता रे?"

"निळा," तो बोलून गेला. रंग लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. बेचाळीस साली पेढीने हिरव्या नोटा बंद करून निळ्या काढल्या, हे ताईला कुठून ठाऊक असणार? ती तर सगळ्याच नोटांना चिटोरी म्हणायची.

ताई गप्प, म्हणजे सातही घड्याळं ऐकू यायला लागली. मग तिने उशीखाली चाचपून किल्ली काढली आणि अंदाजाने त्याच्या दिशेला धरली.

"माझी पेटी उघड. शालींच्या खाली, अगदी तळाशी बघ."

तळाशी एक पाकीट होतं. चार वर्षांपूर्वीच्या शिक्क्याचं. आत निळी नोट, तेच मागे वळलेलं शेपूट, आणि साल त्रेचाळीस.

"ताई, म्हणजे हे गहाळ..."

"मीच केलं. अकरा सह्यांवर तू बाप उभा केलास. तो मी कुठल्या तोंडाने पाडू?"

"मीसुद्धा आत्ता तुझ्यासाठीच..."

"कळलं मला. आईसुद्धा त्या तारेचं सांगताना अस्साच घसा खाकरायची."

तिने हात पुढे केला. धाकटा पलंगाच्या कडेवर टेकला. तिने त्याची बोटं घट्ट धरली, पाळण्यातल्या पोराची धरावीत तशी.

"बाबा तापाने नाही गेले, धाकट्या. ते आपल्याला सोडून गेले."