लाल न चढवलेला द्वारपाल

धाकट्या भावाच्या पत्राला शू वेनलिनने तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं तरी काय? आत एक अक्षर नव्हतं. नुसतं एक छापील चित्र, नववर्षाला दारावर चिकटवायच्या द्वारपालाचं. जोडीतला डावा, एकटाच. निळा रंग होता, हिरवा होता. लाल मात्र कुठेच नव्हता.

"भावजींचं काम नेहमीसारखं अर्धवट!" बायको तेव्हा हसली होती.

वेनलिनलाही तसंच वाटलं. छपाईत लाल ठसा सगळ्यांत शेवटी बसतो. म्हणजे चित्र अपुरंच. पण अपुरं पाठवायचं कशाला? टोमणा होता, की विनवणी? ते त्याला कधीच उलगडलं नाही. छपाईच्या दुकानाची वाटणी झाली तेव्हा डाव्या द्वारपालाचे लाकडी ठसे आणि म्हातारी आई, दोन्ही घेऊन धाकटा दक्षिणेला निघाला होता. बायको नाही, पोर नाही. जाताना म्हणाला, "दादा, यापुढे माझा एक शब्द तुला मिळणार नाही."

वेनलिनने डावा द्वारपाल नव्याने कोरून घेतला. दुकान चालू राहिलं.

या वर्षी नववर्षाच्या तोंडावर एक बाई दुकानात आली. बोलणं दक्षिणेकडचं.

"मालक, लाल नसलेली जोडी द्या."

"अर्धवट माल आम्ही विकत नाही, बाई."

"अर्धवट कसला? सासरे गेलेत माझे. सुतकाच्या घराला लाल कसं चालेल?"

"मग दार कोरं ठेवा. इथं तसंच करतात."

"अगंबाई! आणि द्वारपालाविना घर उघडं टाकायचं? आमच्याकडे निळेच लावतात. आमच्या गावचं पोरसुद्धा बघून सांगेल, या घरातलं माणूस गेलं म्हणून."

 वेनलिनने खणातून तीन वर्षांपूर्वीचं ते पाकीट काढलं. दक्षिणेतल्या त्या घरात माणसं दोनच होती, धाकटा आणि आई. आणि पाकिटावरचा पत्ता धाकट्याच्या हातचा होता.

तो वळला. दुकानाच्या दारावर त्याचीच जोडी होती, लालभडक. तीन नववर्षं त्याने ती हौसेने लावली होती.

बाईला तिची जोडी मिळाली. मग वेनलिनने आणखी एक कागद घेतला. काळा ठसा, निळा, हिरवा. लाल रंगाची वाटी झाकलेलीच राहिली.

संध्याकाळी त्याने धाकट्याच्या नावाने एक पाकीट पोस्टात टाकलं. आत एक अक्षर नव्हतं. नुसता उजवा द्वारपाल.