भिंतीपलीकडची विहीर

टप्. तळघरातल्या बादलीत थेंब पडला आणि दुपारच्या शांततेत तो पौर्णिमाला स्वयंपाकघरात ऐकू आला. सापगावात उताराची जागा मिळाली म्हणून हौसेनं तळघर काढलं, पण भिंत पाझरतच राहिली. तांदळाला बुरशी, लेकीला, मैत्रीला, खोकला. बादली उपसताना आता तिला काही वाटतही नव्हतं.

"वहिनी, हे पावसाचं पाणी नाय. पलीकडं आमच्या वरच्या आळीची जुनी विहीर हाय, तिचं हाय," ती तळघरात उतरली तसा वॉटरप्रूफिंग करायला आलेला मनोज भिंतीतल्या भेगेवर हात फिरवत म्हणाला. "आज केमिकल भरतो, उद्यापासून थेंब येणार नाय."

जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या पौर्णिमाच्या आजेसासूबाई, चिमाबाई, हे ऐकून भिंत धरत धरत खाली आल्या. त्यांनी भेगेखाली ओंजळ धरली. ती भरायला बराच वेळ लागला. भरली तशी त्या पाणी प्यायल्या.

"पोर होती तवा ह्या विहिरीपासून लांब हंडा ठेवून बसायची मी. कुणाला दया आली तर वरनं ओतायचे," चिमाबाई हसल्या. "आज बघ, बया आपणहून घरात आली! भर रे बाबा आता भेग."

मनोज खाली मान घालून केमिकल कालवत राहिला. पौर्णिमानं बादली उचलली.


मागोमाग खाली आलेल्या पाच वर्षांच्या मैत्रीनं तिची ओढणी ओढली. "आई, विहीर एवढी जवळ होती, तर पणजी लांब का बसायची गो?"